मारकी सासूचं बेट

१९ ऑक्टोबर १९५८, थळ

आई वेडी झाली आहे. दुसरा शब्द नाही!

सकाळी ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कमळे, आपुन सदाकरं जाव." जसा काही सदा वरसोलीला राहतो आणि संध्याकाळच्या आत परत यायचं आहे!

सदा कुठे आहे ते इथे एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट बसेल. माझा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी परदेशी मालाच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. पॅसिफिक समुद्राच्या ऐन मध्यात त्याचं आतडं सुजलं. कप्तानाने एका बेटावरच्या मिशनच्या दवाखान्यात उतरवलं. बोट गेली, सदाचे कागद तिच्याबरोबर गेले, सदा राहिला. बरा झाला, तिथल्याच ताहिया नावाच्या मुलीशी लग्न केलं. आता खोबऱ्याची ने-आण करणाऱ्या गलबतावर तांडेल, म्हणजे म्होरक्या, आहे.

काल त्याचं पत्र आलं. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची झाली, चैत्राच्या सुमाराला दुसरं मूल होणार. "मी इथून हललो तर कागदांवाचून पुन्हा आत घेणार नाहीत. तुम्ही दोघी या. येण्याजाण्याची तिकिटं मी इकडून काढतो. पावसाच्या आत घरी पोचाल."

मी वाचून दाखवलं तेव्हा आई नुसती "हं" म्हणाली होती. मला वाटलं, विषय संपला. आईचा "हं" मी अजून ओळखत नाही!

२० ऑक्टोबर

मी शिकवते त्या शाळेच्या नकाशात सदाची बेटं शोधली. जिथे असायला हवीत, नेमका तिथेच भिंतीत खिळा ठोकला आहे.

२३ ऑक्टोबर

अलिबागच्या वाचनालयात मोठा ॲटलास मिळाला. सापडली! मार्केसास बेटं. दहाबारा आहेत, सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. समुद्रातून सरळ उभे राहिलेले काळे कडे, मधे खोल दऱ्या, दरीच्या तोंडाशी गाव. आजूबाजूला दूरदूरपर्यंत पाणी. सदाच्या बेटाचं नाव नुकू हिवा.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "नको हिवा? नको तर नको, पन हिव भरतं का तिकरं?"

हिवताप नाही म्हटलं. मग तिने पूर्ण नाव विचारलं. मार्केसास. दोनदा घोळवलं तोंडात. दुपारपर्यंत सगळ्या कोळीवाड्यात झालं — सोनूबाई निघाली मारकी सासूच्या बेटाला! विहिरीवर शेजारची केसर मला विचारते, "सासू मारकी हाय, मंग सून कशी गं?"

नातीचं नाव मारी आहे, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

२४ ऑक्टोबर

आईने सांगून टाकलं. "सासू मारकी नि नात मारी!" पोरीबाळी हसून हसून वाळूत लोळल्या. शाळेत फळ्यावरही कुणीतरी लिहिलं होतं. मी पुसलं नाही. अक्षर चांगलं होतं.

२६ ऑक्टोबर

धर्माजीमामा आला. आईचा थोरला भाऊ, थळातला जुना तांडेल, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणणारा माणूस.

"सोनू, तुजं वय काय?"

"तुज्यापरीस कमी."

"ज्वालामुखी हाय म्हनं तिकरं!"

"इझलेला हाय. कमळ म्हनते."

"इझलेल्या चुलीत हात घालून बघ कदी!"

मी मध्ये पडले. म्हटलं, मामा, आपला हा काळा कातळसुद्धा एके काळी ज्वालामुखीतूनच आला. तू ज्याच्यावर बसला आहेस तोही. मामा झटकन उठला, दगडाला हात लावून बघितला, आणि परत बसला. "गार हाय," म्हणाला. आई तोंडाला पदर लावून आत गेली.

जाताना मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिला मुंबईचा धक्का सोडून कायबी म्हाईत न्हाय. तिचा जीव तिकरं लागला नि बोटीला मधीच काय झालं तर?" आवाज वेगळाच होता.  मुंबईच्या धक्क्यापलीकडचं मलाही काही ठाऊक नव्हतं.

२ नोव्हेंबर

मला जायचं आहे! हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. आई आई म्हणत बसले आहे, पण मुलांना जगाचा नकाशा शिकवणारी बाई अजून पुण्याला गेलेली नाही. ते काळे कडे मला बघायचे आहेत. तिथला एक दगड आणून वर्गात टेबलावर ठेवायचा, आणि शेजारी थळचा. ओळखा बघू कोणता कुठला!

शाळेतून बिनपगारी रजेचं तोंडी कबूल झालं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही परत आलात की आम्हाला भूगोल शिकवा."

१२ नोव्हेंबर, पाडवा

पासपोर्टच्या अर्जावर आईला अंगठा द्यायचा नाही. "बोटीवर समदे काय म्हनतील?" म्हणून मी पाटीवर तिचं नाव गिरवून घेते आहे. सो जमतो. नू जमतो. बा ठीक. ई आली की तिच्या हाताचा घाम पाटीवर सांडतो. ईचा डोक्यावरचा फाटा ती दर वेळी विसरते, आणि मग चिडून म्हणते, "ही नथ कशाला पायजे हिला?"

आज फराळाचं सोडून पाटी घेऊन बसली होती. शेवटी ईला नथ घातली. उठून पाटी देवापुढे ठेवली. मी डोळ्यांत चुलीचा धूर गेल्यासारखं केलं.

३० नोव्हेंबर

अलिबागला फोटो. आईने सगळे दागिने घातले होते, मामीचेसुद्धा. फोटोवाला म्हणतो, "आजी, हसू नका, सरकारला चालत नाही."

"मी हसतंच न्हाय. माजा त्वांडच तसा हाय."

चार वेळा काढला. चारही वेळा हसरी! चौथा फोटो पाठवला.

१४ डिसेंबर

मचव्याने कोर्लईला गेलो. मामानेच नेलं. ("मी जा म्हनत न्हाय. कोर्लईला मना काम हाय." काम म्हणजे चर्चच्या पायरीवर बसून विडी ओढणं.) तिथल्या फादरना फ्रेंच येतं. बेटांवर फ्रेंचांचं राज्य आहे, तेव्हा आईला थोडं बोलता यावं म्हणून.

फादर म्हणाले, सर्वांत आधी 'मी सदाची आई' हे शिकवतो. झ स्वी ला मेर द सदा. आईने बाकीचं सगळं सोडून दिलं, "ला मेर" तेवढं पकडलं. फादर हसून म्हणाले, "ला मेर म्हणजे आई. आणि समुद्रालाही ला मेरच म्हणतात. लिहिताना वेगळं, बोलताना एकच."

आईने ते पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "बरी भाषा हाय."

येताना मामा वल्हं मारता मारता थांबला. "म्हंजे सोनू तिकरं हरवली तर फ्रेंच लोक दवंडी पिटतील — समुद्र हरवला, समुद्र!" आणि स्वतःच इतका हसला की मचवा डुलायला लागला.

बेटावरच्या लोकांची बोली आणखी निराळी. सदाने पत्रात एकच शब्द लिहिला आहे, 'काओहा'. नमस्कार आणि माया, दोन्ही त्यातच. आई म्हणाली, "म्हंजे 'काय हो'! मना येते की ती बोली!"

५ जानेवारी १९५९

पासपोर्ट आले. आईने तिचा पदराखाली धरून सगळ्या वाड्यात फिरवला. कुणाच्या हातात दिला नाही.

११ जानेवारी

सामानावरून भांडण. आईला पाटा-वरवंटा न्यायचा आहे.

"आई, ते बेटच दगडाचं आहे!"

"दगूड असंल. पन त्याला टाकी कोन लावनार?"

खरं आहे. टाकी लावणारा माणूस ॲटलासमध्ये दाखवलेला नाही.

तासभर वाद घातल्यावर पाटा घरी राहिला, वरवंटा वळकटीत गेला. शिवाय सोडे, जवळा, बोंबील, मसाला, तांदळाचे पापड, बाळाला दुपटी, सुनेला हिरवं लुगडं. मी म्हटलं, सुक्या माशांचा वास बोटभर पसरेल. म्हणाली, "मंग बोटीला समजंल कोन बसलंय."

१८ जानेवारी

मामाने आज किनाऱ्यावर ओल्या वाळूत काठीने वाट काढून दाखवली. मुंबई, कोलंबो, खाली ऑस्ट्रेलियातलं सिडनी. तिथे बोट बदलायची. तिथून फ्रेंच बोटीने ताहिती, आणि ताहितीला सदा स्वतःच गलबत घेऊन येणार. वारा कुठे समोरून येईल, कुठे मागून, मामा सांगत होता. आगबोटीला वाऱ्याचं काय! पण कुणी तसं म्हटलं नाही. सिडनी आणि ताहितीच्या मध्ये त्याने इतकी जागा सोडली, की ताहिती थेट जाळी वाळवण्याच्या काठ्यांपर्यंत गेलं. आई चालत चालत तिथवर गेली, उभी राहिली, आणि मागे वळून ओरडली, "फार लांब न्हाय!"

२५ जानेवारी

अलिबागला देवीची लस, कॉलऱ्याची सुई. आईने कंपाउंडरला दम दिला — हळू टोच, मी आता परदेशी जाणारी बाई आहे. मला ताप आला, तिला काहीच नाही.

माझे डोळे चुरचुरतात. रात्रंदिवस शिवण आणि वाचन, दुसरं काय!

१ फेब्रुवारी

आज एक गोष्ट बघितली. आई वाळवणावर मासे पसरत होती आणि एकटीच बोलत होती. सदाशी. जवळ्याचा भाव, केसरच्या म्हशीचं दुखणं, मामाची विडी. सगळं सांगत होती. नऊ वर्षं मी घरात आहे. मला हे ती कधी सांगत नाही. मला ठाऊकच असतं, म्हणून असेल.

बरोबर आहे. तरी लागलं.

१७ फेब्रुवारी, मुंबई

रेवसहून लाँचने आलो. माझगावला मावशीकडे उतरलो. मामा बरोबर आहे ("मुंबईला मना काम हाय"). परवा बोट.

आज बोट कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी. आईला जीभ काढायला सांगितली, छाती ऐकली, डोळे बघितले. डॉक्टर म्हणाले, "आजीबाई, तुमचे डोळे तर काचेसारखे आहेत!" मग मी. त्यांनी माझी पापणी उलटी केली. पुन्हा केली. मग दुसऱ्या डोळ्याची.

"किती दिवस चुरचुरतात?"

"थोडे दिवस. शिवण—"

"खुपऱ्या आहेत. संसर्गाचा रोग. ऑस्ट्रेलियात तुम्हाला उतरू देणार नाहीत. दोनतीन महिने औषध घ्या, बऱ्या होतील."

दोनतीन महिने! मी काय काय बोलले ते आठवत नाही. चष्मा लावीन म्हटलं, डोळे मिटून राहीन म्हटलं. ते चांगले गृहस्थ होते, हसले नाहीत.

बाहेर बाकावर बसलो. मामा म्हणाला, "झालं. देवानंच सांगितलं. चला घरी." त्याला आनंद झाला होता, आणि तो लपवता येत नव्हता.

 समोर ट्राम जात होत्या, आई त्या बघत होती. मग म्हणाली, "मी एकटी जातंय."

"आई, तुला भाषा येत नाही."

"मना तीन येतात. आपली, बाजारातली, नि 'काय हो'."

"वाटेत बोट बदलायची आहे!"

"मंग बदलीन."

मामा उठून उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उठला. आई त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली, "दादूस, त्या पोरीला आई न्हाय. सदानं लिवलंय. तिचा बालंतपन कोन करनार?"

पत्रात ती ओळ होती. एकच ओळ. मी वाचून दाखवली होती आणि विसरले होते.

माझ्याबद्दल ती काही बोलली नाही. "तू न्हाय तर मीबी न्हाय" — एवढं जरी म्हणाली असती, तरी मीच तिला ढकलून पाठवलं असतं! पण म्हणाली नाही. पानाला सांगते, फार राग आला. बेटं माझी होती. मी शोधली होती ती, खिळ्याखालून.

१९ फेब्रुवारी

गेली.

आपल्या थळचा रामचंद्र त्याच बोटीवर भांडारात, म्हणजे स्वयंपाकघरात, आहे. सिडनीला तो तिला फ्रेंच बोटीवर चढवून देणार. फादरनी लिहून दिलेला कागद मी मेणकापडात शिवून तिच्या खांद्यावरच्या फडकीच्या टोकाला बांधला — ही सदाची आई, हिला अमुक बेटावर जायचं आहे. "गाईच्या गळ्यात घंटा बांदतात तशी," म्हणाली, पण बांधून घेतली.

धक्क्यावर हमालाने वळकटी उचलली आणि विचारलं, आत काय दगड भरलेत? आई म्हणाली, "एकच हाय."

मामा मोठमोठ्याने सूचना देत होता. मध्येच थांबला आणि हमालाला शिव्या द्यायला लागला, बिचाऱ्याने काही केलं नव्हतं. मी आईच्या पाया पडले. तिने माझी हनुवटी धरली, दोन्ही डोळ्यांत नीट बघितलं, डॉक्टरांनी बघितलं तसं. "औषध घाल येळंवर," म्हणाली. "मांजरीला जवळा दे. खारवलेला नको."

जिना चढली मचव्यात चढते तशी, कशाला न धरता. वर गेल्यावर ती समुद्राच्या बाजूच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. मग कुणीतरी, रामचंद्र असेल, तिला हाताने आमच्याकडे वळवलं.

२१ फेब्रुवारी, थळ

मांजर माझ्याकडे बघत नाही.

२० मार्च

रामचंद्रचं कार्ड, सिडनीहून! "सोनूबाई सुखरूप. पहिले चार दिवस सगळी बोट आडवी, एकट्या सोनूबाई उभ्या. पाचव्या दिवशी भांडारात आल्या आणि कालवण कसं करायचं ते दाखवलं. मोठा साहेब दोनदा मागून जेवला. फ्रेंच बोटीवर चढवून दिलं. चढताना तिथल्या साहेबाला 'काय हो' म्हणाल्या."

मामाने कार्ड माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. मग खिशात घालून निघूनच गेला. आता ते सगळ्या किनाऱ्यावर फिरतं आहे.

२४ मार्च, शिमगा

होळीपुढे बायकांनी गाणं रचलं. "सोनूबाय निघाली, दर्या वलांडून गेली गो, मारकी सासू कालवण करी, सून बोटं चाटी गो!" केसरने मला ओढून मध्ये नेलं. नाचले! नऊ वर्षांत पहिल्यांदा, घरी कुणी वाट बघत नव्हतं.

९ एप्रिल

तार! "आई पोचली. मुलगा. सर्व खुशाल. सदा."

मामाने वाड्यात साखर वाटली. वाटताना प्रत्येकाला सांगत होता, "मी पयल्यापासून म्हनत व्हतो, जा."

२६ एप्रिल

डोळे बरे झाले, अलिबागचे डॉक्टर म्हणाले. छान. आता सगळं स्पष्ट दिसतं — थळ, वाळवण, शाळा, मामा.

१५ मे

सदाचं लांबलचक पत्र. गलबतातून उतरल्या उतरल्या आई धक्क्यावरच्या गर्दीला मोठ्याने "काय हो!" म्हणाली. सगळी गर्दी "काओहा! काओहा!" करत धावली. ताहियाला तिने आधी पोटावरून हात फिरवून बघितलं, मग चेहऱ्याकडे बघितलं. दोघी काय बोलतात ते सदाला कळत नाही, पण दिवसभर बोलतात. तिथले लोक कच्चा मासा लिंबाच्या रसात आणि नारळाच्या दुधात घालून खातात. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "ही मांजरं हाईत का?" तिसऱ्या दिवशी तिने वाटी पुढे केली. बेटाच्या काळ्या कातळावर मासे वाळत घातलेत. मारी तिच्या मागे मागे फिरते आणि कावळा नसलेल्या बेटावर कावळे हाकलते.

मी पत्र मोठ्याने वाचत गेले. ओट्यावर दाटी झाली होती. मला राग येईल असं वाटलं होतं, पण हसूच येत होतं. शेवटी सदाने लिहिलं आहे, "आई फार हसते. मला आठवतही नव्हतं ती कशी हसते ते."

मला आठवतं. फोटोत आहे.

१८ मे

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई येणार, म्हणून घर सारवलं. मामाने मचव्याला रंग दिला — भाऊच्या धक्क्यावर तिला आणायला लाँचने नाही, मचव्यानेच जायचं म्हणतो. केसरने अबोलीचं रोप आणून लावलं. सगळा वाडा विचारतो आहे, कधी येणार, काय आणणार?

२२ मे

तार. "आई परत येत नाही म्हणते. घर कमळचं. कमळने आपलं बघावं. सदा."

तारेवरची तारीख गेल्या महिन्यातली, वाटेत कुठेतरी अडकलेली. मामाने पोस्टमनला येताना बघितलं होतं, तो धावतच आला. काय लिहिलंय? म्हटलं, आई खुशाल आहे.

खोटं नाही ते. बाकीचं उद्या सांगेन. आजचा एक दिवस सगळ्यांच्या लेखी ती जूनमध्ये परत येणार असू दे.